उभ्या गाडीत उंदराचं बिऱ्हाड

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांसाठी झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. वक्त्यांनी ते स्मरणिकेसाठी स्वतः लिहून दिले आहे.)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी मधुमेह, मृत्युपत्र आणि परसबाग असे भारदस्त विषय घेतले. माझा विषय फलकावर लागला तेव्हा दोघातिघांनी मला थांबवून विचारलं, ‘साहेब, तुम्ही बँकेतले. ठेवी, व्याजदर यावर बोलाल असं वाटलं होतं. हे उंदीर कुठून काढलेत?’ मी म्हटलं, उंदीर मी काढलेले नाहीत, ते आपल्या शेडमधूनच निघालेत. आणि बँकेचा उंदराशी काही संबंध नाही असंही समजू नका. २०१८ साली आसाममधल्या तिनसुकिया इथे एका एटीएम यंत्रात उंदीर शिरला आणि त्याने बारा लाखांहून अधिक रुपयांच्या नोटांचा भुसा केला. पोलादी यंत्र, कुलूप, कॅमेरा सगळं जागच्या जागी होतं. वायरीसाठी ठेवलेलं भोक तेवढं उघडं होतं. आजच्या भाषणाचं सार खरं म्हणजे या एका गोष्टीतच आलं. तरी मला चाळीस मिनिटं दिलेली आहेत, तेव्हा जरा विस्ताराने सांगतो.

आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये, अगदी आतल्या बाजूला, एक पद्मिनी उभी आहे. मुलं तिला ‘डब्बा’ म्हणतात. ती १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनत. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. आपल्याकडे १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढचं सीट बाकासारखं सलग. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली, आणि वर्तमानपत्रांनी त्याची बातमी माणूस गेल्यासारखी छापली. म्हणजे आपल्या शेडमध्ये जे उभं आहे ते आता सहज मिळणारं वाहन राहिलेलं नाही.

ही गाडी आपल्या सोसायटीच्या पहिल्या सचिवांची. जुन्या सभासदांना आठवेल, सोसायटी झाली तेव्हा सगळ्या प्लॉटधारकांत मिळून हे एकच चारचाकी वाहन होतं. नोंदणीची फाईल घेऊन अकोल्याला सहायक निबंधकांच्या कार्यालयात किती खेपा झाल्या याचा हिशोब नाही. पाच जण त्या गाडीत बसायचो आणि पेट्रोलचे पैसे सचिव घेत नसत. पहिल्या तीन वर्षांत इथल्या चार बाळंतिणी रात्री-अपरात्री याच गाडीतून संगमनेरला गेल्या. त्यातलं एक बाळ आज या माईकची व्यवस्था बघतंय. उठून उभा राहू नकोस बाळा, सगळ्यांना माहीत आहे.

सचिवांना जाऊन आता काही वर्षं झाली. मुलगा परदेशात आहे. वहिनींनी गाडी विकली नाही, पण त्या चालवत नाहीत. गाडी उभी राहिली. आणि जिथे माणसाचा वावर थांबतो तिथे उंदराचा सुरू होतो, हा जुना नियम आहे. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात शेडमधून कुबट वास यायला लागला. पंपाच्या खोलीतली केबल कुरतडली गेली आणि ऐन श्रावणात दोन दिवस पाणी बंद झालं. शेडमध्ये सायकल ठेवायला गेलेल्या एका मुलाच्या पायावरून घूस गेली आणि त्याला ताप भरला. ताप साधा निघाला, पण त्याच्या आईने चार रात्री जागून काढल्या. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत ठराव आला की उंदरांचं मूळ ही जुनी गाडी आहे, ती शेडमधून हलवावी, नाहीतर भंगारात द्यावी. ठराव मांडणाऱ्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. लेकरांच्या आरोग्याचा प्रश्न होता. वहिनी सभेत काही बोलल्या नाहीत. त्या नुसत्या बसून राहिल्या. शेवटी दुरुस्ती अशी मंजूर झाली की गाडीला एक पावसाळा मुदत द्यावी, गाडीत उंदराचं घर आढळलं तर कोणतीही चर्चा न करता ती हलवावी, आणि देखरेख मी करावी. इतिवृत्तात तसं लिहिलेलं आहे.

मंडळी, बँकेत मी तीस-पस्तीस वर्षं एकच काम केलं. कर्ज देण्याआधी तपासणी, दिल्यानंतर पाठपुरावा. तीच पद्धत इथे लावली. आधी समोरची पार्टी कोण, ते बघू.

आपल्याकडे तीन जाती त्रास देतात. पहिला घरातला लहान उंदीर. वजन जेमतेम वीस ग्रॅम. हा पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरच्या फटीतून आत जातो. तुमची पेन्सिल जिथे जाते तिथे उंदराचं पिल्लू जातं असं समजा. त्याला प्यायला वेगळं पाणी मिळालं नाही तरी दाण्यातल्या ओलाव्यावर तो भागवतो. दुसरा काळा उंदीर, लांब शेपटीचा. हा चढण्यात पटाईत. झाडाची फांदी, केबल, पावसाच्या पाण्याचा पाइप, सगळे त्याचे जिने. त्याला अर्ध्या इंचाचं भोक पुरतं. तिसरी घूस. ती खालून पोखरते. भाताच्या बांधात बिळं करून ओंब्या साठवणारी तिची धाकटी जात आपल्या शेतकरी बांधवांना चांगली माहीत आहे. आणि चिचुंद्रीला यात धरू नका. ती उंदराच्या कुळातली नाही, ती किडे खाते. तिचा वास सोसा आणि तिला जाऊ द्या.

या सगळ्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर तोंड मिटता येणार नाही अशी अवस्था होते. म्हणून उंदीर वायर कुरतडतो ते भुकेने नव्हे. लाकूड, प्लास्टिक, रबर, साबण, मऊ शिसं, जे सापडेल ते. परदेशात नव्या गाड्यांच्या वायरींना सोयाबीनपासून केलेलं आवरण असतं म्हणून उंदीर येतात, असं म्हणत काही गाडीमालक कोर्टात गेले. आपल्या १९८४ च्या गाडीत सोयाबीनचा दाणा नाही, तरी डॅशबोर्डखालच्या वायरी खाल्लेल्या होत्याच. तेव्हा उंदराला चव नव्हे, दात महत्त्वाचे.

वीण तर विचारूच नका. गर्भकाळ तीन आठवड्यांचा. लहान उंदराची मादी दीड-दोन महिन्यांत स्वतः आई होते. चक्रवाढ व्याज म्हणजे काय हे मला बँकेपेक्षा उंदराने जास्त चांगलं शिकवलं.

आता ते गाडीत का येतात? राजूरच्या माणसाला हे कळायला पुस्तक लागत नाही. आपल्याकडे जून-जुलैत आभाळ फाटतं. घाटघर, रतनवाडीकडचा पाऊस तर सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. शेतातली बिळं पाण्याने भरली की उंदीर कोरड्या जागेच्या शोधात निघतो. दुसरी लाट दिवाळीच्या आसपास, भात कापून खळ्यात आलं की. शेत मोकळं झालं, निवारा गेला, दाणे पोत्यांतून आपल्या घरात आले. त्यांच्या मागून तेही येतात. म्हणजे वर्षातून दोन हंगाम, आणि दोन्हींची तारीख आपल्याला आधी कळते. अशी सोय चोराच्या बाबतीत कधी मिळत नाही.

उभी गाडी त्यांना पाचतारांकित हॉटेल वाटते. अंधार, कोरडं, वारा नाही, सीटमध्ये काथ्या आणि कापूस. वरून कोणी कापडाचं आच्छादन घातलं की दारावर पडदाही लागला. गणपती बाप्पाने उंदराला वाहन केलं, उंदराने आपल्या वाहनाला घर केलं. हिशोब फिटला म्हणायचं.

आम्ही काय केलं ते आता क्रमाने सांगतो. हे फक्त पद्मिनीला नव्हे, तुमच्या नव्या गाडीला, स्कूटरला, गावाकडे बंद ठेवलेल्या घरालाही लागू आहे.

सुरुवात अन्नापासून. गाडीतली एकूण एक वस्तू बाहेर काढली. डॅशबोर्डच्या खणात काय निघालं? राजूरच्या पेढ्यांचा रिकामा खोका, देवदर्शनाचा सुका प्रसाद, बडीशेपची पुडी, डिकीत जुनी वर्तमानपत्रं आणि एक गोधडी. म्हणजे जेवण, मुखवास आणि अंथरूण. तुमच्या गाडीच्या सीटखाली लहान मुलांनी सांडलेला चिवडा आहे की नाही, आज घरी गेल्यावर बघा.

मग सफाई. इथे माझी हात जोडून विनंती आहे. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका आणि व्हॅक्यूमही लावू नका. धूळ नाकातोंडात जाते. आधी दारं उघडून अर्धा तास हवा खेळू द्या. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण करून त्या जागेवर शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग जुन्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. सीटच्या कापडावर किंवा रंगावर ब्लीच चालत नसेल तर साबणाचं पाणी आणि जंतुनाशक वापरा, पण ओलं करूनच पुसा. याला दुसरंही कारण आहे. उंदीर मुताच्या वासाने रस्ता आखतो. जुना वास राहिला की नवा पाहुणा त्याच मार्गाने येतो.

त्यानंतर भोकं. हे खरं काम. मी आणि आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक पोराने दोन रविवार गाडीखाली घालवले. माझ्या वयात खाली झोपणं सोपं, उठणं अवघड. अंधारात गाडीच्या आत टॉर्च लावला आणि बाहेरून उजेड कुठे दिसतो ते बघितलं. क्लच-ब्रेकच्या पेडलांची भोकं, स्टिअरिंगचा दांडा जिथून आत येतो ती जागा, स्पीडोमीटरच्या केबलचं आणि हँडब्रेकच्या केबलचं भोक, काचेपुढची हवा आत घेणारी जाळी. रबरी बुशिंग सुकून तडकलेली होती, ती नवी बसवली. जिथे रबर पुरत नव्हतं तिथे पाव इंचापेक्षा बारीक भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी. बारीक फटींत भांडी घासायची स्टीलची घासणी दाबून भरली. चिंध्या, थर्मोकोल किंवा फोम कोंबू नका. ते उंदराला बिछान्याचं सामान पुरवणं आहे.

सायलेन्सरचा पाइप आणि एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड ही दोन भोकं लोक विसरतात. दोन्हींवर जाळी बसवली आणि प्रत्येकीला लाल चिंधी बांधून तिचं दुसरं टोक स्टिअरिंगला लावलं. कारण जाळी न काढता इंजिन सुरू करणं धोक्याचं. बँकेत तिजोरीला दोन चाव्या असतात, तशी ही आठवणीची दुसरी चावी.

मग बॅटरी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा. उंदराने वायर सोलली आणि दोन तारा एकमेकींना लागल्या, तर गाडीत वीज असेल तर ठिणगी पडते, आणि खाली पेट्रोलची नळी असते. आपल्या शेडच्या वर दोन घरांची बाल्कनी आहे. माझ्या मनात सगळ्यात मोठी भीती याच गोष्टीची होती. वासाची नाही, केबलच्या खर्चाची नाही, या आगीची.

जागेचंही बघितलं. गाडी भिंतीपासून दोन फूट पुढे घेतली. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, मोकळ्या जागेत यायला बिचकतो. पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढतो आणि वीस-पंचवीस मिनिटं फिरवतो. नुसतं पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद केलं तर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि गंज लागतो, म्हणून फिरवणंच बरं. बाकी वेळी बॉनेट उघडं टेकवून ठेवतो. पाहणाऱ्याला गाडी बिघडलेली वाटते, पण उंदराला तिथला अंधार मिळत नाही.

आता सापळे. लाकडी चाप भिंतीला काटकोनात, आमिष भिंतीच्या बाजूला. आमिष म्हणून सुकं खोबरं, शेंगदाण्याची चटणी, भज्याचा तुकडा, आणि ज्यांना चालतं त्यांनी सुका बोंबील. मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो, त्यामुळे पहिले चार-पाच दिवस चाप न लावता नुसतं आमिष ठेवा. त्याला सवय झाली की मग लावा. लहान उंदीर मात्र चौकस असतो, तो पहिल्याच रात्री येतो. चिकट पाट्या मला पटत नाहीत. त्यावर पाली चिकटतात, चिमण्या चिकटतात, आणि जीव तासन्‌तास तडफडत राहतो.

तपासणीसाठी एक घरगुती युक्ती. रात्री गाडीभोवती रांगोळीचा पातळ थर चाळणीने भुरभुरायचा. सकाळी पावलं मोजायची. मोठा उंदीर असेल तर पावलांच्या मधून शेपटीची रेघ दिसते. हे काम सोसायटीच्या मुलांनी आनंदाने घेतलं. जो मुलगा घूस पाहून घाबरला होता तोच आता या रजिस्टरचा प्रमुख आहे. तारीख, पाऊस होता की नाही, पावलं, चाप, शेरा. पाच रकाने. मी त्याच्यावर दर शनिवारी सही करतो.

आता विषाबद्दल. सभेत पहिली सूचना विषाचीच होती. मी ते गाडीत आणि शेडमध्ये ठेवू दिलं नाही, त्याची कारणं सांगतो. दुकानात मिळणारी काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी मिळून तिचा फॉस्फिन वायू होतो आणि त्याला उतारा नाही. धान्यात घालायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर ओलाव्याने आपोआप तोच वायू सोडतात. बंद घरात ठेवलेल्या अशा गोळ्यांमुळे झोपेतल्या झोपेत माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. या गोळ्या घरात, शेडमध्ये, गाडीत कधीही ठेवू नका. तिसरा प्रकार ब्रोमाडायलोनच्या वड्यांचा. त्याने रक्त गोठत नाही, उंदीर काही दिवसांनी मरतो. चुकून पोटात गेलं तर त्याला व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण डॉक्टरकडेच जायचं आणि वडीचं वेष्टन बरोबर न्यायचं. शिवाय विष खाल्लेला उंदीर सांगून मरत नाही. तो डॅशबोर्डच्या आत जाऊन मरतो आणि मग महिनाभर गाडीत बसता येत नाही. तो उंदीर मांजराने, कुत्र्याने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही मरू शकतं.

घुबडाचं नाव काढलं म्हणून सांगतो. आपल्या पाण्याच्या टाकीमागे गव्हाणी घुबडांची जोडी आहे. लोक तिला अशुभ मानतात. मंडळी, त्या जोडीचं मुख्य अन्न उंदीर आहे, आणि पिल्लं असतील तेव्हा ती एका रात्रीत अनेक उंदीर नेते. पगार न घेणारा रात्रपाळीचा कर्मचारी आहे तो. धामणीचंही तेच. ती बिनविषारी आहे, उंदरासाठी येते. तिला मारण्याआधी सर्पमित्राला बोलवा.

बाकी उपायांचं थोडक्यात. डांबराच्या गोळ्या उघड्या शेडमध्ये काम करत नाहीत आणि बंद गाडीत त्यांचा धूर आपल्यालाच बाधतो. पुदिन्याच्या तेलाचा वास दोन दिवसांत उडतो. आणि प्लगला लावायची आवाजाची यंत्रं! अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ साली साठाहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा असल्याशिवाय जाहिरात करू नका. पैसे जाळीवर घाला.

आता मी गाडी सोडून थोडा मागे जातो, कारण यात गाडीपेक्षा मोठी गोष्ट आहे. आमच्या आजीच्या पिढीला ‘उंदीर पडला’ हे शब्द ऐकले की अंगावर काटा यायचा. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला, पुढे पुण्यात. उंदीर मरून पडायला लागले की गाव उठून माळावर झोपड्यांत जायचं. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. उंदरावरच्या पिसवांतून रोग माणसात येतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. परळची हाफकिन संस्था त्याच काळाची देणगी आहे.

हे जुनं झालं म्हणाल, तर १९९४ बघा. बीड जिल्ह्यात मामला गावात प्लेग आला. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. भूकंपाच्या भीतीने लोक घरं सोडून बाहेर राहायला गेले, घरात धान्य तसंच राहिलं आणि उंदीर माजले, असं त्याचं एक कारण तज्ज्ञांनी सांगितलं. धान्य आत, माणूस बाहेर. आपली उभी गाडी, बंद फ्लॅट, अडगळीची खोली ही त्याच गोष्टीची लहान रूपं आहेत.

आणि आजचा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याने अनेकांचे बळी घेतले. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून आपल्या अंगात येतात. भातलावणीला चिखलात उतरणाऱ्या आपल्या माणसांना हा धोका अधिक. पावसाळ्यात अंग मोडून ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर घरी काढे पीत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि चिखलात उतरलो होतो, घरात उंदीर आहेत, हे सांगा. वेळेत कळलं तर साध्या औषधाने हा आजार बरा होतो.

म्हणून ठराव मांडणाऱ्यांना मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो, तुमची काळजी शंभर टक्के खरी होती. मतभेद एवढाच की गाडी गेली असती तरी उंदीर राहिले असते. पहिल्या महिन्याचं रजिस्टर बघा. गाडीभोवती जेवढी पावलं होती त्याच्या दुप्पट कचऱ्याच्या पिंपाजवळ, आणि तेवढीच कबुतरांना दाणे टाकायच्या कट्ट्याजवळ. मग समितीने पिंपांना झाकणं लावली. दाणे सकाळी, पाखरं खातील तेवढेच, आणि संध्याकाळी कट्टा झाडून घेणं. गटाराच्या तोंडांना लोखंडी जाळ्या. छपरावर टेकणाऱ्या आंब्याच्या फांद्या तीन-चार फूट मागे कापल्या. घुशीची बिळं फुटक्या काचा घातलेल्या सिमेंटने बुजवली. गळका नळ दुरुस्त केला, कारण मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं. आणि शेडमधली तांदळाची पोती घरात, झाकणाच्या पत्र्याच्या कोठ्यांत गेली. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे गावठी बियाणं मातीच्या गाडग्यांत राखेत जपून ठेवतात. आपल्या आज्यांना हे शास्त्र माहीत होतं. आपण प्लास्टिकच्या गोण्या आणल्या आणि ते विसरलो.

पहिल्या पावसाळ्यात शेडमध्ये चापात अकरा लहान उंदीर आणि तीन मोठे सापडले. एक घूस पिंजऱ्यात आली. गाडीत एकही नाही. रजिस्टरमध्ये जुलैतली एक नोंद आहे. रात्रभर पाऊस, सकाळी रांगोळीवर पावलं पुढच्या चाकापर्यंत आलेली, चाकाला फेरी घातलेली आणि परत गेलेली. प्रमुखसाहेबांनी शेरा लिहिला आहे, ‘अर्ज नामंजूर’. दुसऱ्या पावसाळ्यात सापडलेल्यांची एकूण संख्या चार. यंदाचे आकडे रजिस्टरमध्ये आहेत, कोणीही बघावेत.

मुदत संपली तेव्हा ठराव पुन्हा सभेपुढे आला. ज्यांनी तो मांडला होता त्यांनीच उठून तो मागे घेतला. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, ‘गाडी माझ्या नावावर आहे, पण आता ती सोसायटीच्या कामाला लावा. त्यांना आवडलं असतं.’ त्यानंतर तिच्या नोंदणीचं नूतनीकरण झालं, विमा झाला, आणि गेल्या उन्हाळ्यात भंडारदऱ्याला धरणावर ती सोसायटीच्या चार ज्येष्ठांना घेऊन जाऊन आली. चढावर जरा दमली. आम्हीही दमतो.

माझ्या तरुण मित्रांना शेवटची विनंती. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. इमारतीही आता जुन्या होतायत. जुन्या वस्तूला शत्रू बाहेरून मोठ्या दारातून येत नाही. तो पाव इंचाच्या फटीतून येतो, आणि आपण बघायचं सोडलं की येतो. टाकीचं झाकण, मीटरचा बॉक्स, पंपाची खोली, गच्चीचा पाइप आणि शेजारचं बंद घर, महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन बघत जा. पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता रजिस्टरच्या प्रमुखांसह सगळ्या आवाराची पाहणी आहे. प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक टॉर्च यावा. माझे गुडघे आता गाडीखाली जाऊ देत नाहीत, तेव्हा खाली झोपणारे दोन जण जास्त लागतील. नावं इथे टेबलावर लिहून द्या.